पिठाचा कोंबडा आणि वहीतले राज्य



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दुपारी सूनबाईंनी माझ्यापुढे एक इंग्रजी पुस्तक आणून ठेवले. नात नुकतीच दहावीत गेली आहे. पुस्तक तिच्या उशीखाली सापडले होते. सूनबाई म्हणाल्या, "पप्पा, तुम्ही आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासलेत. आता हा एक तपासा. यात मैत्रिणीचा खून आहे म्हणे. घरात ठेवायचे की नाही, ते तुम्हीच सांगा."

बँकेच्या कर्ज विभागात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला 'मंजूर की नामंजूर' या प्रश्नाची सवय असते. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रे न वाचता द्यायचे नसते, हीही सवय असते. म्हणून मी चष्मा पुसला, शब्दकोश जवळ घेतला आणि वाचावयास बसलो. पुस्तक वाचून संपायला अकरा दिवस लागले. त्यानंतर त्या पुस्तकामागच्या खऱ्या घटना शोधून वाचण्यात आणखी महिना गेला. त्या वाचनाने मला अखेर जेथे नेऊन सोडले, तेथे मी पंचावन्न वर्षांत गेलो नव्हतो. तो सारा प्रवास आज आपल्यापुढे मांडतो आहे.

हे पुस्तक काय आहे?

लॉरेन ऑलिव्हर या अमेरिकन लेखिकेची 'ब्रोकन थिंग्ज' ही कादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली. साधारण बारा ते अठरा या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या साहित्याला इंग्रजीत 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात. आपण त्याला कुमारवयीनांचे साहित्य म्हणू. त्यात रहस्यकथांचा एक मोठा प्रवाह आहे आणि त्या प्रवाहात एक विषय पुन्हा पुन्हा येतो. लहानपणी दोन-तीन जिवलग मैत्रिणी मिळून एक काल्पनिक जग उभारतात, त्या जगात रमतात, आणि एके दिवशी त्याच जगाची काळी सावली खऱ्या जगावर पडते.

'ब्रोकन थिंग्ज'मध्ये अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातल्या एका लहान गावी मिया, ब्रिन आणि समर या तीन मैत्रिणी आहेत. 'लव्हलॉर्न' नावाच्या अद्भुत प्रदेशाविषयीची एक जुनी कादंबरी त्यांना वेड लावते. ती कादंबरी मध्येच, वाक्य अर्धवट असतानाच थांबते. मग या मुली तिचा पुढचा भाग स्वतःच लिहू लागतात. त्या प्रदेशात 'सावली' नावाची एक दुष्ट शक्ती आहे आणि तिला बळी द्यावा लागतो. पुढे समर खरोखरच मृतावस्थेत सापडते आणि तिचा अंत या मुलींच्या लेखनाशी जुळतो. संशय उरलेल्या दोघींवर येतो. न्यायालयात काहीच शाबीत होत नाही, परंतु गाव आपला निकाल देऊन मोकळे होते. कथा सुरू होते ती पाच वर्षांनंतर. एक मुलगी घरी परतायला नको म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातच राहण्याचे निमित्त शोधते आहे. दुसरीच्या घरी आईला काहीच टाकून देववत नाही, त्यामुळे घर अडगळीने भरून गेले आहे. खरा अपराधी कोण, हे मी येथे सांगणार नाही. आपल्या घरातील कोणी ते पुस्तक वाचत असेल, तर तिचा आनंद हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही.

पुस्तक वाचताना माझा पहिला प्रश्न होता की असे कधी घडते का? काल्पनिक राज्यासाठी कोणी खऱ्या माणसाचा जीव घेते का? दुर्दैवाने उत्तर होय असे आहे.

क्राइस्टचर्च, २२ जून १९५४

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरातील मुलींच्या शाळेत १९५२ साली पॉलीन पार्कर आणि ज्युलिएट ह्यूम या दोन विद्यार्थिनींची गाठ पडली. ज्युलिएटचे वडील हेन्री ह्यूम हे पदार्थविज्ञानाचे विद्वान आणि तेथील विद्यापीठ महाविद्यालयाचे प्रमुख होते. राहायला मोठा वाडा होता. पॉलीनचे वडील एका दुकानाचे व्यवस्थापक होते आणि आई घरी भाडेकरू ठेवून संसाराला हातभार लावीत असे. दोघींत एकच साम्य होते. दोघीही लहानपणी दीर्घ आजारातून गेल्या होत्या. पॉलीनला पायाच्या हाडाचा विकार झाला होता, तर ज्युलिएटची छाती कमजोर होती आणि प्रकृतीसाठी तिला आई-वडिलांपासून दूर, परदेशीही ठेवण्यात आले होते. व्यायामाच्या तासाला इतर मुली मैदानावर जात आणि या दोघी बाजूला बसून राहात. त्या बसण्यातून मैत्री झाली आणि मैत्रीतून एक राज्य उभे राहिले.

त्या राज्याचे नाव होते बोरोव्हनिया. त्याला राजे होते, राण्या होत्या, वंशावळी होत्या, कारस्थाने होती. दोघी त्यावर कादंबऱ्या लिहीत. याखेरीज त्यांनी 'चौथे जग' नावाचा आपला स्वतंत्र स्वर्ग कल्पिला होता. त्यात फक्त त्यांना जाता येई, आणि आवडत्या नट-गायकांना त्यांनी त्या जगातले संतपद दिले होते. १९५३ साली ज्युलिएटला क्षयामुळे रुग्णालयात राहावे लागले, तेव्हा दोघींनी त्या राज्यातील पात्रांच्या नावांनी एकमेकींना पत्रे लिहिली.

पुढच्या वर्षी ज्युलिएटच्या आई-वडिलांचा संसार मोडला. तिला दक्षिण आफ्रिकेत नातलगांकडे पाठवायचे ठरले. पॉलीनलाही तिच्याबरोबर जायचे होते आणि आपल्या वाटेत फक्त आपली आई उभी आहे, अशी तिची समजूत झाली. २२ जून १९५४ रोजी दुपारी या दोघी पॉलीनची आई ऑनोरा हिला घेऊन शहराबाहेरच्या टेकडीवरील व्हिक्टोरिया पार्कमध्ये फिरायला गेल्या. तिघींनी तेथील उपाहारगृहात चहा घेतला. नंतर झाडीतल्या पायवाटेवर, मोज्यात घातलेल्या अर्ध्या विटेने, मुलींनी त्या माउलीचा अंत केला.  पॉलीनचे वय सोळा, ज्युलिएटचे पंधरा. रक्ताने माखलेल्या दोघी धावत त्याच उपाहारगृहाकडे आल्या आणि आई घसरून पडल्याचे सांगू लागल्या. परंतु पॉलीनची रोजनिशी पोलिसांच्या हाती लागली. तिच्यात सारा बेत लिहिलेला होता.

ऑगस्टमध्ये खटला चालला. बचावपक्षाच्या मनोविकारतज्ज्ञांनी 'दोघांत वाटून घेतलेले वेड' असा मुद्दा मांडला. एकाच्या भ्रमाला दुसऱ्याचा भ्रम खतपाणी घालतो, अशा अवस्थेला वैद्यकात फ्रेंच नाव आहे. ज्यूरींनी तो मुद्दा स्वीकारला नाही. वय अठराच्या आत असल्याने फाशी नव्हती. दोघींना वेगवेगळ्या ठिकाणी बंदिवासात ठेवण्यात आले आणि सुमारे पाच वर्षांनी सोडण्यात आले.

पुढची हकिकत कादंबरीपेक्षाही विलक्षण आहे. १९९४ साली पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने या घटनेवर 'हेवनली क्रीचर्स' हा चित्रपट काढला. 'टायटॅनिक'मुळे आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालेली केट विन्स्लेट या चित्रपटात प्रथम पडद्यावर आली. त्याच सुमारास जगाला कळले की इंग्लंडच्या भूतकाळावर रहस्यकथा लिहिणारी प्रख्यात लेखिका अ‍ॅन पेरी म्हणजेच ती ज्युलिएट ह्यूम. १९७९ पासून तिची पुस्तके प्रसिद्ध होत होती आणि जगभर वाचली जात होती. वाचकांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. २०२३ साली ती निवर्तली.

आणखी एक घटना आपल्या काळातील आहे. २००९ साली इंटरनेटवर 'स्लेंडर मॅन' नावाचे, लांब हातांचे, चेहरा नसलेले एक भुताचे पात्र कोणी करमणुकीसाठी निर्माण केले. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा गावी बारा वर्षांच्या दोन मुलींनी, त्या पात्राला प्रसन्न करायचे म्हणून, आपल्याच मैत्रिणीला रानात नेऊन चाकूचे एकोणीस वार केले. ती धैर्यवान मुलगी सरपटत वाटेपर्यंत आली, एका सायकलस्वाराला दिसली आणि वाचली. वार करणाऱ्या मुली मानसिक आजाराच्या अमलाखाली होत्या, असे न्यायालयाने मानले आणि त्यांना दीर्घ काळासाठी मनोरुग्णालयाच्या देखरेखीखाली सोपविले.

मग कल्पनेलाच कुलूप लावावे काय?

इतके वाचल्यावर कोणाही आजोबाचा हात 'नामंजूर' या शिक्क्याकडे जाईल. माझाही गेला. १९५४ साली न्यूझीलंडच्या सरकारचाही गेला होता. त्याच वर्षी तेथे किशोरांच्या बिघडत्या वर्तनाविषयी एक समिती नेमली गेली. तिने चित्रकथा, चित्रपट, सैल झालेली शिस्त, नोकरी करणाऱ्या माता अशा अनेक गोष्टींना दोष दिला आणि त्या अहवालाच्या सुमारे तीन लाख प्रती घरोघरी पाठविण्यात आल्या. पुस्तकांवर निर्बंध आले. परंतु आजारपणात एकटी पडलेली मुले, मोडणारे संसार आणि मुलांना न विचारता घेतलेले निर्णय यांवर निर्बंध घालता येत नाहीत.

शिवाय हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जून १८२६ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील एका गरीब धर्मोपदेशकाने आपल्या मुलासाठी लीड्सहून बारा लाकडी शिपाई आणले. घरात आई नव्हती. दोन थोरल्या बहिणी आदल्याच वर्षी वारल्या होत्या. उरलेल्या चार भावंडांनी एकेक शिपाई आपला म्हणून निवडला आणि त्यांच्याभोवती आधी 'ग्लास टाउन', मग 'अँग्रिया' आणि 'गोंडल' ही राज्ये रचली. काडेपेटीएवढ्या वह्यांत, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा बारीक अक्षरांत त्यांनी त्या राज्यांचे इतिहास लिहिले. ती मुले म्हणजे शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन ब्राँटे. त्याच सरावातून १८४७ साली 'जेन एअर' आणि 'वदरिंग हाइट्स' या कादंबऱ्या जगाला मिळाल्या. तेथेही युद्धे होती, विश्वासघात होते, मृत्यू होते. परंतु शार्लटने तरुणपणी आपल्या अँग्रियाचा निरोप घेण्याचे ठरविले आणि तसे लिहूनही ठेवले. त्या राज्याचे दार तिला उघडता येत होते, तसेच बाहेरून लावूनही घेता येत होते.

मुलांनी रचलेल्या अशा तपशीलवार जगाला मानसशास्त्रात 'पॅराकॉझम' म्हणतात. पुष्कळ निरोगी, हुशार मुले अशी जगे रचतात आणि मोठी होताना ती मागे ठेवून पुढे जातात. म्हणजे भांडवल तेच असते. एका पेढीत त्यातून साहित्य निर्माण झाले आणि दुसऱ्या पेढीत दिवाळे निघाले. फरक कोठे पडला, हे तपासणे हेच खरे काम.

पिठाचा कोंबडा

येथे मला आपल्या परंपरेतील एक कथा आठवली. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी संस्कृतात 'यशस्तिलकचंपू'मध्ये आणि महाकवी पुष्पदंतांनी अपभ्रंशात 'जसहरचरिउ'मध्ये ती सांगितली आहे. राजा यशोधराला अशुभ स्वप्न पडते. ते टळावे म्हणून त्याची आई देवीला पशुबळी देण्याचा आग्रह धरते. राजा नकार देतो. शेवटी तडजोड होते की पिठाचा कोंबडा करावा आणि त्याचा बळी द्यावा. पीठच ते! त्यात जीव कोठला? परंतु राजा तलवार चालवितो ती बळीच्या संकल्पाने. त्याचे फळ म्हणून आई आणि मुलगा अनेक जन्म पशुयोनीत भटकतात. पहिल्याच जन्मात तो मोर होतो आणि ती कुत्री.

लहानपणी ही कथा ऐकताना मला ती फार कठोर वाटे. पिठाच्या कोंबड्यासाठी एवढी शिक्षा? आता या पुस्तकाच्या निमित्ताने तिचा अर्थ थोडा उलगडला. हिंसेचा आरंभ हातात होत नाही, मनाच्या बेपर्वाईत होतो, असे आपले शास्त्र सांगते. क्राइस्टचर्चच्या त्या मुलींनी विट उचलली जूनमध्ये. परंतु आपल्या राज्यात अडसर ठरणाऱ्या माणसांना त्या किती तरी आधीपासून कागदावर संपवीत होत्या. पिठाच्या कोंबड्यावर हात बसला होता.

तरीही एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. हिंसेची कथा वाचणे आणि हिंसेचा संकल्प करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यशोधराची कथाही हिंसेचीच कथा आहे. तिच्यात विषप्रयोग आहे, कपट आहे, मृत्यू आहेत. ती आपल्याला तलवार चालवायला शिकवीत नाही, तलवारीचे ओझे दाखविते. चांगल्या रहस्यकथेचेही तसेच असते. 'ब्रोकन थिंग्ज'मधील दोन्ही मुली पाच वर्षे ते ओझे वाहतात, आणि ते ओझे वाचणाऱ्या मुलीच्याही खांद्याला जाणवते.

माझी तक्रार एकच आहे. या प्रकारच्या पुस्तकांत मेलेली मुलगी बहुधा एक सुंदर कोडे होऊन राहते. जगलेल्यांची दुःखे आपण पानोपान वाचतो. खऱ्या घटनेतही तसेच झाले. पॉलीन आणि ज्युलिएट यांवर पुस्तके निघाली, नाटके झाली, चित्रपट आला. आपल्या मुलीला घेऊन टेकडीवर चहा प्यायला गेलेल्या ऑनोराचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आमची वखार

हा प्रश्न कागदावर लिहिला आणि माझी लेखणी थांबली. कारण तसे एक नाव माझ्याही खात्यात होते.

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी आमच्या वडिलांचे भुसार मालाचे दुकान होते. दुकानामागे वखार. मी अकरा वर्षांचा असताना माझा एक मित्र आणि मी मिळून त्या वखारीत एक राज्य स्थापन केले होते. तुरीच्या पोत्यांची थप्पी म्हणजे सिंहासन. चिंचोके म्हणजे मोहरा. त्या पत्र्याच्या डब्यात ठेवीत असू. जुन्या रोजमेळाच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर आम्ही राज्याचा जमाखर्च लिहीत असू. राज्यातले काही बाहेर सांगायचे नाही, अशी शपथ होती. शिंपी आळीतला एक मुलगा, आमच्याहून दोन वर्षांनी लहान, आमचा शिपाई होता. त्याला खेळायला घेतले, यातच त्याला धन्यता वाटे.

एके दिवशी खजिन्यात पाच चिंचोके कमी भरले. दरबार भरला. शिपायावर आरोप ठेवला. तो "मी नाही घेतले" म्हणत राहिला आणि त्याच्या रडण्याने आम्हाला आपण खरोखरच राजे झाल्यासारखे वाटले. शिक्षा ठरली काळकोठडीची. त्याला वखारीच्या आतल्या खोलीत ढकलले आणि बाहेरून कडी लावली. घटकाभराने काढायचे होते. तेवढ्यात सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी घरून हाक आली. आम्ही धावत गेलो आणि विसरलो.

रात्री साडेआठच्या सुमारास त्याचे वडील कंदील घेऊन आमच्या दारी आले. पोरगा घरी आला नव्हता. माझा मित्र तेव्हा आमच्याच ओट्यावर होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही आठवले होते. आणि आम्ही बोललो नाही. विसरणे हा प्रमाद होता. परंतु त्यानंतर जवळजवळ तासभर आम्ही जे गप्प राहिलो, त्याला दुसरे नाव आहे. राज्याची शपथ, मार बसण्याची भीती, मित्राच्या नजरेतला धाक, यांतले काय किती होते ते मला आजही वेगळे काढून सांगता येत नाही. एवढे खरे की दोघांपैकी कोणीही एकटा असता, तर बोलला असता.

शेवटी दादीजींनी मला माजघरात नेले आणि हळूच विचारले, "तो कुठे आहे?" कोणी नेले, का नेले, काहीच विचारले नाही. मी सांगितले.

तो पोत्यांच्या आड बसला होता. ओरडून ओरडून त्याचा आवाज गेला होता. पुढे कित्येक दिवस तो नीट बोलला नाही. ते पाच चिंचोके आमच्या मोजणीतच चुकले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तेव्हा डब्यात पुरते भरले. नंतर बँकेत मी लक्षावधी रुपयांची रोकड मोजली आहे, पण तेवढी चूक मला कधी महागात पडली नाही.

दादीजींनी मला मारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हात धरून शिंपी आळीत नेले आणि त्याच्या आईसमोर हात जोडून क्षमा मागायला लावली. तो आईच्या पदराआड लपला होता. तो पुन्हा आमच्या वखारीत आला नाही. दोन वर्षांनी ते कुटुंब गाव सोडून गेले. दर संवत्सरीला मी शेकडो लोकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणत आलो आहे. ज्याला म्हणायला हवे होते त्याचा पत्ता माझ्याकडे नाही.

तपासणीचे तीन प्रश्न

या साऱ्यावरून मुलांच्या अशा खेळाकडे आणि अशा पुस्तकांकडे पाहताना आई-वडिलांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.

पहिला प्रश्न: त्या जगातून बाहेर येण्याचे दार उघडे आहे काय? मूल जेवायला येते, हसते, अभ्यासाला बसते, दुसऱ्या कोणाशीही बोलते, तोवर काळजीचे कारण नाही. झोप, भूक, इतर सोबती हे सारे सुटू लागले, किंवा कल्पनेतले पात्र आज्ञा देते असे मूल खरेच मानू लागले, तर रागावण्यात वेळ न घालविता तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. वॉकेशाच्या मुलींना हवे होते ते औषध. आणि ते वेळेत मिळाले नाही.

दुसरा प्रश्न: घरातील मोठी माणसे मुलांच्या मैत्रीविषयी निर्णय घेताना मुलांशी बोलतात काय? दुकान दुसऱ्या गावी नेणे, शाळा बदलणे, मैत्रीण तोडणे हे आपण व्यवहार म्हणून ठरवितो. मुलांच्या दृष्टीने ते राज्य बुडणे असते. त्यामुळे गुन्हा क्षम्य ठरत नाही. परंतु वेळेवर केलेले बोलणे स्वस्त असते.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: त्या राज्याच्या बाहेर कोणाला ठेवले आहे? दोघांच्या घट्ट मैत्रीची गोडी पुष्कळदा तिसऱ्याला बाहेर ठेवण्यातून येते. आम्ही वखारीची कडी लावली होती. आजची मुले मोबाइलवरच्या ग्रुपमधून नाव काढून टाकतात. कडीचा आवाज मात्र आतल्याला सारखाच ऐकू येतो.

निकाल

मी पुस्तक नातीच्या हाती परत दिले आणि म्हणालो, "वाचले. चांगले आहे. शेवट मला आधी ओळखता आला नाही." तिला आश्चर्य वाटले आणि थोडा विश्वासही. दोन दिवसांनी तिने आपणहून एक वही दाखविली. तिने आणि तिच्या मैत्रिणीने सातवीपासून एक बेट रचले होते. सुरेख नकाशा, नद्यांची नावे, राजमुद्रा, सारे होते. शेवटच्या पानांवर एका मुलीला बेटावरून हद्दपार केल्याचे फर्मान होते, कारण तिने दुसरा क्लास लावला होता.

मी नकाशाची मनापासून स्तुती केली. मग एवढेच विचारले, "ही हद्दपार झालेली मुलगी आता मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खाते?"

नात काही बोलली नाही. तेव्हा मी तिला वखारीची गोष्ट सांगितली. घरात ती कोणालाच, तिच्या आजीलाही, मी कधी सांगितली नव्हती. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, "दादाजी, त्याचं नाव काय होतं?"

मी नाव सांगितले. ते तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

सूनबाईंना मी निकाल कळविला आहे: पुस्तक मंजूर. अट एकच, घरातल्या एका मोठ्या माणसानेही ते वाचले पाहिजे. शाळा सुरू होऊन आता काही आठवडे झाले आहेत. त्या फर्मानाचे पुढे काय झाले, हे मी विचारलेले नाही. मात्र गेल्या सोमवारपासून नात डब्यात दोन खाकरे जास्तीचे मागून नेते आहे, असे सूनबाई सांगतात.